न भरणारी जखम आणि हवेचा दाब

(नभोवाणीवरील भाषण)

आजचा माझा विषय ऐकून कांहीं मंडळी नाक मुरडतील, हें मी जाणतों. पायावरची वाहती जखम हा चारचौघांत बोलण्याचा विषय नव्हे, आणि या दुखण्याची अर्धी अडचण त्यांतच आहे. घोट्याच्या वर, बहुधा आंतल्या बाजूस, एक व्रण पडतो. तो महिनेच्या महिने वाहत राहतो. लुगड्याच्या निऱ्यांआड किंवा धोतराच्या सोग्याखालीं तो झांकला जातो, आणि घरांतल्या माणसांना त्याची वार्ता पुष्कळदां वासावरूनच लागते.

मी वैद्य नव्हे. मुलांना गणित आणि पदार्थविज्ञान शिकविण्यांत माझा जन्म गेला. परंतु माझ्या थोरल्या भगिनी, ज्यांना आम्ही सारे अक्का म्हणतों, त्यांच्या पायावर असा व्रण चार वर्षें होता. आणि ज्या उपायानें तो भरून आला, त्याचें मर्म मीं फळ्यावर अनेकदां लिहिलेलें होतें. तेवढ्या अधिकारावर हें बोलत आहें.

प्रथम, अशी जखम भरत कां नाहीं, तें पाहूं. हृदयाकडून रक्त घेऊन जाते ती रोहिणी, आणि परत आणते ती नीला. पायांतलें रक्त घोट्यापासून छातीपर्यंत चढवावयाचें, म्हणजे विहिरींतून पाणी उपसण्यासारखेंच काम. तें पोटरीचे स्नायू करतात. माणूस चालूं लागला कीं ते नीलांना पिळतात आणि रक्त वर सरकतें. वर गेलेलें रक्त पुन्हां खालीं घसरूं नये म्हणून नीलांमध्यें हातपंपांत असतात तशा झडपा असतात. या झडपा निकामी झाल्या म्हणजे रक्ताचा सारा भार घोट्यापाशीं सांचतो. पाय सुजतो, कातडी काळवंडते व राठ होते, आणि मग एखादें क्षुल्लक खरचटणेंही पुरेसें होतें. पोलीस, आचारी, न्हावी, यंत्रमागावरचे कामगार आणि फळ्यापुढें उभा राहणारा शिक्षक, हे सर्व तासन् तास उभे राहून पोट भरणारे लोक. त्यांना या दुखण्याची भीति अधिक. पायांवरील जुनाट व्रणांपैकीं बहुतेक याच जातीचे असतात. मधुमेहानें होणारे, रोहिणी अरुंद झाल्यानें होणारे, किंवा कुष्ठरोगानें संवेदना गेल्यामुळें होणारे व्रण निराळे, आणि त्यांचे उपचारही निराळे.

आतां हवेकडे वळूं. समुद्रसपाटीस हवेचा दाब पाऱ्याच्या ७६० मिलिमीटर उंचीच्या स्तंभाइतका असतो, हें सतराव्या शतकांत इटलींतील टॉरिसेली यानें दाखविलें. त्याच शतकांत जर्मनींत ओटो फॉन गेरिके यानें धातूचे दोन अर्धगोल जुळवून आंतली हवा काढून घेतली, तेव्हां घोड्यांच्या जोड्यांनाही ते ओढून विलग करतां येईनात. या बलाचा अल्पसा अंश जखमेच्या कामीं लावावयाचा, एवढीच या उपचाराची कल्पना आहे.

कृति अशी. डॉक्टर जखम स्वच्छ करून तींतलें मेलेलें मांस काढतात. मग जखमेच्याच आकाराचा निर्जंतुक स्पंजाचा तुकडा कापून तींत बसवितात. त्यावर पारदर्शक चिकट पापुद्रा, भोंवतालच्या निरोगी कातडीवर चांगला पसरून, डकवितात. पापुद्र्याला भोंक पाडून तेथें नळी बसवितात. नळी बाटलीला आणि बाटली शोषक यंत्राला जोडतात. यंत्र सुरू होतांच स्पंज आक्रसून घट्ट बसतो. आंतला दाब बाहेरच्या हवेपेक्षां साधारणतः १२५ मिलिमीटर कमी ठेवतात. म्हणजे ७६० पैकीं ६३५ उरतात. सुमारें एक षष्ठांश दाब कमी केला, एवढेंच. स्पंज दोन-तीन दिवसांनीं बदलतात.

याचा लाभ चार प्रकारचा. सांचणारी लस व पू बाहेर निघून जातात. भोंवतालची सूज उतरते. जखमेच्या कडा एकमेकींकडे ओढल्या जातात. आणि स्पंजाच्या बारीक छिद्रांतून होणाऱ्या ओढीनें पेशींना वाढीची चालना मिळून तळाशीं नवें लाल मांस धरूं लागतें. शिवाय जखम बंद राहते, त्यामुळें वास कोंडतो व रोजची पट्टी टळते.

कोणी म्हणेल, ही तर आपली तुंबडी! सुश्रुतसंहितेंत शिंग, तुंबा व जळवा लावून रक्त काढण्याचा विधि आहे, आणि व्रणाचे साठ उपक्रमही सांगितले आहेत. त्या विचाराचा आदर ठेवूनही दोहोंतला भेद विसरूं नये. तुंबडी रक्त काढण्यासाठीं लावतात. येथें रक्त येऊं लागलें, तर यंत्र तत्काळ थांबवावें लागतें.

१९९७ सालीं अमेरिकेंतील वेक फॉरेस्ट विद्यापीठाचे अर्जेंटा आणि मॉरिक्वास यांनीं या पद्धतीवरील आपलें संशोधन प्रसिद्ध केलें, आणि ती जगभर पसरली. मात्र कंपन्यांचें यंत्र महाग, त्याचें दिवसाचें भाडें महाग आणि दर खेपेस लागणारा तयार स्पंजही महाग. मध्यम स्थितींतल्या कुटुंबानें काय करावें?

याचें उत्तर संकटानें दिलें. १२ जानेवारी २०१० रोजीं हैती देशांत भयंकर भूकंप झाला. तेथें वीज बेभरंवशाची आणि जखमी असंख्य. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीची डॅनिएल झुरोव्चिक ही संशोधक विद्यार्थिनी प्लॅस्टिकचा एक लहान पंप घेऊन तेथें गेली. तो भात्यासारखा दाबून सोडावयाचा. वीज नको, आणि किंमत सुमारें ३ डॉलर. कमी दाब निर्माण करणें सोपें, परंतु फटींतून शिरणारी हवा थोपविणें कठीण, हा धडा या कामांतून मिळाला. आपल्याकडील पुष्कळ इस्पितळांत भिंतीवरच्या शोषणनळीला, किंवा शस्त्रक्रियेनंतर लावतात त्या निचऱ्याच्या लहान डब्याला स्पंज व चिकट पापुद्रा जोडून हेंच काम थोडक्या खर्चांत करतात.

आमच्या अक्कांचें तसेंच झालें. व्रण वाहूं लागल्यापासून त्यांनीं भजनाला जाणें सोडलें. लग्नकार्यांत त्या दाराजवळ, वारा असेल तेथें बसत. "माझ्याजवळ कशाला बसतोस रे?" असें त्या नातवंडांनाही म्हणत. एका डॉक्टरांनीं "वयोमान आहे, चालायचेंच" असें सांगून मलम लिहून दिलें, आणि तीं मलमें तीन वर्षें चाललीं. शेवटीं आम्ही त्यांना एका सरकारी इस्पितळांत नेलें. तेथल्या तरुण डॉक्टरांनीं प्रथम पावलांतली नाडी तपासली, रक्तांतली साखर पाहिली, शिरांची तपासणी केली, आणि व्रणाच्या कडेचा कण काढून तपासावयास पाठविला. कारण वर्षानुवर्षें राहिलेल्या व्रणांत क्वचित् कर्करोग उद्भवतो. त्यानंतरच स्पंज बसविला. परिचारिका कान लावून पापुद्र्याभोंवतीं बोट फिरवी. जेथें बारीक शीळ ऐकूं येई तेथें चिकटपट्टीचा आणखी एक तुकडा लावी. सतरा दिवसांनीं पिवळट, निर्जीव तळ डाळिंबाच्या दाण्यांसारखा लाल झाला. मग मांडीची पातळ कातडी काढून त्यावर लावली, आणि ती धरली.

परंतु एका अक्कांवरून सिद्धान्त मांडूं नये. नेदरलंड्समध्यें २००६ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत पायांवरील जुनाट व्रणांचे ६० रुग्ण दोन गटांत विभागले होते. दोहोंकडेही जखम तयार झाल्यावर कातडी लावण्यांत आली. शोषणाच्या गटांत व्रण भरण्यास मध्यमानानें २९ दिवस लागले, नेहमींच्या पट्टीच्या गटांत ४५. हा लाभ थोडा नव्हे. पण प्रयोग लहान, आणि पुन्हां व्रण होण्याचें प्रमाण दोहोंकडे सारखेंच. म्हणजे शोषणानें जखम लवकर भरते, मूळ दोष जात नाहीं.

मूळ दोष नीलांत आहे. त्यावर मुख्य इलाज म्हणजे पावलापासून गुडघ्यापर्यंत बांधावयाची दाबपट्टी, पाय उंच ठेवणें आणि चालणें. याला जोड बिघडलेल्या शिरेवरील उपचाराची. इंग्लंडमधील ५०० रुग्णांच्या, २००४ सालीं प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत केवळ दाबपट्टी बांधणाऱ्यांपैकीं शेंकडा २८ जणांचा व्रण वर्षाच्या आंत उलटला. शिरेची शस्त्रक्रियाही केलेल्यांत हें प्रमाण शेंकडा १२ होतें. मात्र रोहिणी अरुंद असलेल्या पायाला घट्ट पट्टी बांधणें घातक आहे. म्हणून आधीं नाडी, मग पट्टी.

एक इशारा आवश्यक आहे. स्वस्त म्हणजे घरगुती नव्हे. अमेरिकेच्या औषध-प्रशासनानें २००९ सालीं, मागील दोन वर्षांत या उपचाराच्या वेळीं घडलेल्या ६ मृत्यूंची व ७७ इजांची नोंद जाहीर केली. त्यांत रक्तस्राव हें सर्वांत गंभीर कारण होतें. रक्त पातळ करणारें औषध चालू असेल, तर फार जपावें लागतें. रक्तवाहिनी उघडी पडली असेल, जखमेंत कर्करोग किंवा मेलेलें मांस असेल, अथवा हाडाच्या संसर्गावर उपचार झाले नसतील, तर हा उपाय करूं नये. घरांतला स्पंज आणि बाजारांतला पंप आणून कोणीं प्रयोग मांडूं नये.

श्रोतेहो, आपल्या घरांत, शेजारीं किंवा कामावर येणाऱ्या बाईंच्या पायावर अशी जखम असेल, आणि दोन-तीन आठवड्यांत ती भरण्याचें चिन्ह दिसत नसेल, तर "वयोमान" या शब्दावर समाधान मानूं नका. इस्पितळांत जा आणि तीन प्रश्न विचारा: रोहिणी ठीक आहे काय? नीलांचा दोष आहे काय? आणि येथें कमी खर्चाचा शोषणोपचार होतो काय? अक्का आतां दाबपट्टी बांधून सकाळ-संध्याकाळ फिरतात, आणि भजनांत पहिल्या रांगेंत बसतात. चार वर्षें त्यांना जी लाज बाळगावी लागली, ती आणखी कोणाला बाळगावी लागूं नये, एवढ्यासाठींच हा विषय चारचौघांत काढला.