पदवीच्या वर्गातली पहिली पिढी

आईवडिलांपैकी कोणीही पदवीपर्यंत पोचलेले नाही, असा विद्यार्थी म्हणजे पहिल्या पिढीचा विद्यार्थी. मराठवाड्यातल्या महाविद्यालयांचा इतिहास बराचसा अशाच मुलामुलींचा इतिहास आहे. निजामाच्या राज्यात पदवीसाठी हैदराबाद गाठावे लागे आणि १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते. मराठी शेतकऱ्याच्या घराला पैसा आणि भाषा अशा दोन्ही बाजूंनी दार बंद होते. १९४८ साली हैदराबाद संस्थान मुक्त झाले आणि १९५० मध्ये नांदेडला पीपल्स कॉलेज निघाले. त्याच वर्षी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या संस्थेने औरंगाबादला महाविद्यालय काढले. तेच पुढचे मिलिंद. १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ आले, लातुरात १९६१ मध्ये दयानंद व १९७० मध्ये राजर्षी शाहू महाविद्यालय, आणि १९९४ मध्ये नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ.

एवढी वर्षे लोटूनही पहिली पिढी संपली नाही, याचे कारण सरळ आहे. महाविद्यालय जसजसे जवळ आले तसतसे समाजाचे नवे थर आत येत गेले: आधी तालुक्याच्या गावचे, मग वाडीवरचे, मग तांड्यावरचे, मग किनवट-माहूरकडच्या कोलाम आदिवासींच्या पोडांवरचे. मुलींच्या बाबतीत तर हे येणे अजून चालूच आहे.

या भागात बारावीपर्यंतची व्यवस्था भक्कम आहे. ‘लातूर पॅटर्न’ हे तिचे सर्वांत गाजलेले रूप: जादा तास, सराव परीक्षांचा रतीब, प्रत्येक मुलाच्या गुणांवर शिक्षकांची नजर. वैद्यकीय व अभियांत्रिकी प्रवेशासाठी लातूर आणि नांदेडच्या शिकवण्यांना दूरदूरची मुले येतात. त्यांच्या खोल्या, मेस, अभ्यासिका यांवर शहरातल्या अनेक गल्ल्या चालतात. ग्रामीण मुलींचा एसटीचा मोफत पासही बारावीपर्यंतचा. त्यानंतर जो बी.ए., बी.कॉम. किंवा बी.एस्सी.ला येतो, त्याच्यावरची नजर एकाएकी हटते. हजेरी कोणी विचारत नाही, सकाळ पोलीस भरतीच्या मैदानावर जाते आणि तास रिकामे पडतात. मुलांना शिकायचे नसते, असा निष्कर्ष त्यावरून काढला जातो. तो घाईचा आहे.

या मुलांना कमी पडते ती माहिती. शिकलेले घर मुलाला पैशापेक्षा माहिती अधिक देते. एटीकेटी म्हणजे वर्ष वाया जाणे नव्हे, गुणांविषयी शंका असेल तर पुनर्मूल्यांकनाचा अर्ज मुदतीत करायचा असतो, विषय बदलता येतो, प्राध्यापकाला तासानंतर भेटले तर तो रागावत नाही, या गोष्टी अशा घरात जेवताना कळतात. विचारवंत नरहर कुरुंदकर इंटरच्या परीक्षेत नापास झाले, हे नांदेडात सर्वांना ठाऊक आहे. ते शिकायला हैदराबादला होते, आणि त्यांचे मामा डॉ. ना. गो. नांदापूरकर उस्मानिया विद्यापीठात मराठीचे प्राध्यापक होते. कुरुंदकर पुढे एम.ए. झाले, पीपल्स कॉलेजात शिकवू लागले आणि तिथलेच प्राचार्य झाले. त्यांची बुद्धी असामान्य होती, यात वाद नाही. पण नापास होणे म्हणजे शिक्षण संपणे नव्हे, हे ज्या घरात माहीत असते तिथेच अशा बुद्धीला दुसरी संधी मिळते. मुखेड किंवा जळकोटच्या ज्या मुलाला असा मामा नाही, त्याच्या घरी पहिल्या सत्रात दोन विषय राहिल्याचा निकाल येतो आणि वडील म्हणतात, ‘बस झालं आता, कामाला लाग.’ मुलगी असेल तर स्थळे पाहायला सुरुवात होते.

पैशाची मदत कागदावर पुष्कळ आहे. समाजकल्याण व आदिवासी विकास विभागाची वसतिगृहे आहेत. तिथे प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना, अनुसूचित जमातींसाठी स्वयम्, अल्पभूधारक शेतकरी व नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता. जुलै २०२४ मध्ये आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शुल्क माफ झाले. अडचण दोन ठिकाणी येते. एक, खोलीचे भाडे आणि मेसचे पैसे दर महिन्याला द्यावे लागतात, तर भत्ता उशिरा, हप्त्याने येतो. दोन, महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावरचा अर्ज, उत्पन्नाचा दाखला, आधारशी जोडलेले बँक खाते यांतले काहीही चुकले की अर्ज परत येतो, आणि तो परत आल्याचा संदेश वडिलांच्या मोबाइलवर पडून राहतो. ऊसतोडीच्या हंगामात, दिवाळीपासून पुढे चारपाच महिने, हे वडील कारखान्याच्या फडावर असतात. तहसीलला खेटे घालणार कोण?

म्हणून साहाय्याची सुरुवात महाविद्यालयाच्या कार्यालयातल्या खिडकीपासून व्हायला हवी. परत आलेल्या अर्जांची यादी दर आठवड्याला काढून त्या मुलांना वर्गात निरोप देणे, हे एका कारकुनाचे अर्ध्या दिवसाचे काम आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात रुजवलेली ‘कमवा व शिका’ योजना विद्यापीठांत आजही चालते. तिच्यातून ग्रंथालयात किंवा याच खिडकीवर वरच्या वर्गातली मुले बसवली, तर नव्या मुलांना आपल्या बोलीत उत्तर देणारे कोणीतरी भेटते. पहिल्या सत्रात इंग्रजी शब्दांनी भरलेल्या प्रश्नपत्रिकेचा मराठीतून सराव आणि पहिल्या निकालानंतर प्रत्येक नापास विद्यार्थ्याशी, जमल्यास त्याच्या पालकांशी, बोलणे ही दोन कामे बाकी सगळ्या उपक्रमांहून मोलाची आहेत.

मार्गदर्शक प्राध्यापकाची पद्धत कागदावर सगळीकडे आहे. महाविद्यालयांचा दर्जा ठरवणाऱ्या नॅकच्या तपासणीआधीच्या आठवड्यात मेंटॉर-मेंटीच्या वह्या भराभर भरल्या जातात, हे प्राध्यापकांना वेगळे सांगण्याची गरज नाही. यात केवळ आळस नाही. अनेक विभागांत शिकवणारे तासिका तत्त्वावर असतात. त्यांना मानधन मिळते ते शिकवलेल्या तासांचे, मुलाशी बोलण्यात गेलेल्या तासाचे नाही. त्यांच्यातले कितीतरी स्वतः पहिल्या पिढीचे पदवीधर आहेत आणि हे काम सर्वांत चांगले तेच करू शकतात. मार्गदर्शनाचा तास मानधनात धरला गेला तर वहीतल्या नोंदी खऱ्या होतील.

राहिली पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्यांची मोजणी. तमिळनाडूत कुटुंबातल्या पहिल्या पदवीधराला व्यावसायिक अभ्यासक्रमात शिकवणी शुल्काची सवलत आहे, आणि त्यासाठी तसा दाखला मिळतो. अमेरिकेत १९६५ च्या उच्च शिक्षण कायद्याखाली अशा विद्यार्थ्यांसाठी साहाय्य कार्यक्रम चालतात. महाराष्ट्रात सवलती ठरतात त्या मुख्यतः जात, उत्पन्न आणि अधिवास यांवर. ते निकष आवश्यकच आहेत, त्यांना हात लावण्याचे कारण नाही. पण घरात पहिल्यांदाच कोण शिकत आहे, हे त्यांतून कळत नाही. प्रवेश अर्जात आई आणि वडील यांच्या शिक्षणाचे दोन रकाने घालून ती माहिती विभागप्रमुखांपर्यंत पोचवायला शासन निर्णयाची वाट पाहावी लागत नाही; महाविद्यालयाला ते येत्या जूनमध्येच करता येईल.