संगणक सुरू होत नाही तेव्हा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी आपण पाककृती, आरोग्य, मुलांचे संगोपन अशा विषयांवर चार शब्द ऐकतो. यंदा कार्यकारिणीने मला विषय दिला तो जरा निराळा आहे. घरातला संगणक सुरू झाला नाही तर गृहिणीने काय करावे? माझे शिक्षण सातवीपर्यंत. इंजिनिअर मी नव्हे. पण आमच्या घरच्या गणपतीच्या कारखान्याचा हिशेब संगणकावर आहे आणि तो माझ्याकडे आहे. त्यामुळे यंत्र रुसले की पहिली हाक मलाच येते. जे पाहून, हाताळून आणि जाणत्यांना विचारून कळले, तेवढेच सांगणार आहे.

पुष्कळ घरांत असे होते की, बटण दाबले, पडदा काळा राहिला की लगेच "बिघडला!" म्हणून गलका होतो. पुरुषमंडळी "हात लावू नका" म्हणतात, मुले दहा वेळा बटण दाबतात आणि संध्याकाळी पेटी रिक्षात घालून दुकानात जाते. पण गॅस पेटला नाही तर आपण शेगडी दुकानात नेतो का? आधी सिलिंडर संपला का पाहतो, मग रेग्युलेटर, मग नळी, मग बर्नरची भोके. माझी आई स्टोची पिन आणि वॉशर स्वतः बदलत असे. तिने काही कारखान्यात शिक्षण घेतले नव्हते. क्रमाने पाहणे, एवढीच ती विद्या. संगणकालाही तीच लागते.

तो क्रम समजण्यासाठी आपली पहाट आठवा. आपण उठतो, प्रथम दिवा लावतो. मग पाणी आहे ना, भांडी जागेवर आहेत ना, हे नजरेखालून घालतो. मग कोठीचे दार उघडून शिधा काढतो आणि मग स्वयंपाकाला लागतो. संगणकही असाच उठतो. प्रथम त्याला वीज मिळते. मग त्याच्यातली बायोस नावाची आज्ञावली आपले सगळे अवयव जागेवर आहेत का ते तपासते. त्यानंतर तो हार्ड डिस्ककडे जातो. ती त्याची कोठी. आपले फोटो, पत्रे, हिशेब सारे तिथेच असते. त्या कोठीतून विंडोज बाहेर येते आणि कामाला सुरुवात होते. दिवा, तपासणी, कोठी आणि स्वयंपाक या चार पायऱ्यांपैकी तो कोणत्या पायरीवर अडला हे ओळखले की अर्धे काम झाले.

पहिली पायरी दिव्याची. बटण दाबूनही पेटीवरचा दिवा लागत नाही, पंखा फिरत नाही, अगदी सामसूम आहे, तर दोष विजेच्या वाटेवर आहे. त्या प्लगमध्ये मोबाइलचा चार्जर लावून पाहा. एक्स्टेन्शन बोर्ड काढून थेट भिंतीत लावा. मध्ये यूपीएस असेल तर त्याची बॅटरी संपलेली असू शकते. तो वगळून पाहा. पेटीच्या मागे, वायर जिथे शिरते तिथे, एक लहान खटका असतो. केर काढताना झाडूचा धक्का लागून तो बंद झालेला मी स्वतः दोन घरी पाहिला आहे. काखेत कळसा नि गावाला वळसा, दुसरे काय! लॅपटॉप असेल तर चार्जर काढावा, बॅटरी निघत असेल तर तीही काढावी, बटण पंधरा सेकंद दाबून धरावे आणि मग चार्जर लावून पुन्हा सुरू करावा. आत अडकून राहिलेली थोडी वीज निघून जाते आणि पुष्कळदा तो जागा होतो.

एवढे करूनही सामसूम असेल तर विजेचा डबा, ज्याला एसएमपीएस म्हणतात, तो गेला असावा. तो डबा मात्र कोणी उघडू नये. वायर काढल्यावरही त्यात वीज साठून राहते. तो बदलायचा असतो, दुरुस्त करीत बसायचे नाही. आणि तो जळला म्हणजे आतली माहिती गेली, असेही मुळीच नाही.

ही गोष्ट माझ्या माहेरी, रोह्याला, घडली. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ आपल्या जिल्ह्यावर आदळले, ते कोणी विसरले नसेल. भावाच्या घराचे पत्रे उडाले आणि संगणकाच्या पेटीत पाणी गेले. वीज पुष्कळ दिवस नव्हती. वडील आदल्या वर्षी वारले होते, आणि भाचीच्या लग्नात काढलेले त्यांचे शेवटचे फोटो त्याच पेटीत होते, दुसरीकडे कुठेही नाहीत. वीज आली त्या दिवशी भाऊ लगेच बटण दाबायला निघाला. वहिनी आडवी आली. म्हणाली, "आधी उघडून वाळवू द्या, मग काय ते करा." जाणत्या माणसाने पेटी उघडली, तेव्हा आत अजून ओल होती. वाळवून, पुसून पाहिले. विजेचा डबा निकामी झाला होता, तो बदलला. कोठी शाबूत होती. वडिलांचे फोटो जसेच्या तसे मिळाले. त्या कारागिराने सांगितलेले वाक्य मी लिहून ठेवले आहे: ओले यंत्र पाण्याने मरत नाही, ओल्यात वीज दिली की मरते. आपल्या भागात दर पावसाळ्याला उपयोगी पडावे असे हे वाक्य आहे.

दुसरी पायरी तपासणीची. दिवा लागतो, पंखा फिरतो, पण पडदा काळाच. अशा वेळी आधी पडद्याचा स्वतःचा दिवा लागला आहे का, त्याची तार दोन्ही टोकांना घट्ट आहे का, ते पाहावे. लॅपटॉप असेल तर तार लावून तो टीव्हीला जोडून पाहावा. टीव्हीवर चित्र आले तर यंत्र ठीक आहे, दोष फक्त पडद्यात आहे. पडदा ठीक असेल तर कान द्यावा. काही यंत्रे अडली की टूं-टूं असा आवाज करतात. त्याचे अर्थ कंपनीप्रमाणे बदलतात, पण तो आवाज म्हणजे यंत्राचे गाऱ्हाणे असते आणि बहुधा ते रॅमच्या पट्टीविषयी असते.

आता आमच्या घरची गोष्ट सांगते. आपल्या पेणच्या भगिनींना आषाढ म्हणजे काय ते सांगायला नको. रंगकामाची घाई, गिऱ्हाइकांचे फोन, रात्रीचे दोन वाजतात. कोणत्या गिऱ्हाइकाची मूर्ती किती उंचीची, पितांबर कोणत्या रंगाचा, आगाऊ रक्कम किती आली, न्यायला कधी येणार, हे सगळे आमच्या संगणकात असते. सोबत मागच्या वर्षांच्या मूर्तींचे फोटोही असतात. ऐन आषाढात एका सकाळी पडदा काळा. पंखा फिरतो आणि आतून टूं-टूं आवाज येतो. भावजींनी पेटी एका दुकानात नेली. तिथे सांगण्यात आले, "फॉरमॅट मारावे लागेल." मी फोनवर विचारले, "आतली माहिती राहील का?" उत्तर आले, "नाही राहणार." मी भावजींना सांगितले, "पेटी आहे तशी घरी आणा."

भगिनींनो, फॉरमॅट म्हणजे कोठी झाडून रिकामी करणे. आणि आमचे यंत्र तर तपासणीच्याच पायरीवर ओरडत होते. जे अजून कोठीच्या दारापर्यंत पोचलेच नाही, त्याची कोठी रिकामी करून काय साधणार? चोर सोडून संन्याशाला फाशी देण्यातला तो प्रकार! थोरलीने मैत्रिणीच्या भावाला बोलावले. त्याने वायर काढली, पेटी आडवी करून झाकण उघडले. आत शाडूची आणि रंगाची धूळ बोटभर साचलेली. ती मऊ ब्रशने काढली. हात लोखंडी पेटीला टेकवून अंगातली वीज उतरवली आणि रॅमची पट्टी काढली. तिच्या कडेच्या सोनेरी रेघा खाडीच्या दमट हवेने काळवंडल्या होत्या. त्या पेन्सिलच्या खोडरबराने हलक्या हाताने पुसल्या, चुरा झटकला आणि 'टक्' आवाज होईपर्यंत पट्टी जागेवर दाबली. बटण दाबले आणि पडदा उजळला. त्या वर्षी एकाही गिऱ्हाइकाचा गणपती चुकला नाही. दुकानाचे नाव मी सांगणार नाही. दोष देण्यासाठी मी बोलत नाही. पण "फॉरमॅट" हा शब्द ऐकला की मान डोलावू नका, एवढे मात्र बजावून सांगते.

तिसरी पायरी कोठीची. पडद्यावर इंग्रजी अक्षरे येतात आणि त्यांत 'बूट डिव्हाइस' असे शब्द दिसतात. याचा अर्थ यंत्राला कोठी सापडत नाही. आधी पाहा, मुलांनी पेन ड्राइव्ह लावून ठेवला आहे का. यंत्र कधी कधी त्यालाच कोठी समजते. तो काढून पुन्हा सुरू करा. यंत्राची तारीख वारंवार चुकत असेल तर आत रुपयाएवढी एक चपटी बॅटरी असते, ती संपली असेल. तिच्यावर सीआर २०३२ असे लिहिलेले असते, ती ३ व्होल्टची असून स्वस्तात मिळते. पण पेटीतून टिक्-टिक्, खर्-खर् असा नवा आवाज येऊ लागला तर वायर काढा आणि पुन्हा सुरू करू नका. जुन्या तऱ्हेच्या डिस्कमध्ये फिरत्या तबकड्या असतात. बिघडलेली डिस्क पुन्हा पुन्हा चालवली तर वाचण्यासारखे असते तेही जाते.

चौथी पायरी स्वयंपाकाची. विंडोजचे चिन्ह येते, ठिपके गोल गोल फिरतात आणि पुढे काही नाही. अपडेट चालू असेल तर धीर धरावा. मध्येच वीज तोडू नये. सुरू होता होता दोन-तीनदा अडखळले की विंडोज स्वतःच दुरुस्तीचा निळा पडदा दाखवते. त्यात 'स्टार्टअप रिपेअर' आहे ते करून पाहावे. 'सेफ मोड' म्हणजे फक्त आवश्यक तेवढ्यावर यंत्र चालवणे, आजारी माणसाला पेजेवर ठेवण्यासारखे. त्यात सुरू झाले तर सर्वांत आधी माहितीची प्रत काढून घ्यावी. तिथेच 'रीसेट' असेही असते. त्याचे दोन प्रकार आहेत. एकात आपल्या फायली राहतात, दुसऱ्यात सर्व पुसले जाते. वाचल्याशिवाय तिथे बोट लावू नये.

हे फक्त आपल्याच घरी होते असे समजू नका. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने पाठवलेल्या एका सदोष फायलीमुळे जगभरचे सुमारे ८५ लाख संगणक निळा पडदा दाखवून बंद पडले. विमाने अडली, इस्पितळांची कामे थांबली, आपल्या देशात विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले पास दिले गेले. उपाय काय होता? यंत्र सेफ मोडमध्ये सुरू करून ती एक फाइल काढून टाकणे. सगळी कोठी रिकामी करण्याची गरज नव्हती. एवढ्या मोठ्या संकटातही दोष कुठे आहे ते आधी शोधावे लागले, तेव्हा आपणही घाई करू नये.

त्या वेळी पुष्कळांना आणखी एक अडचण आली, ती घरोघरी येऊ शकते. हल्लीच्या कित्येक लॅपटॉपना बिटलॉकर नावाचे कुलूप असते. यंत्र दुरुस्त करताना ते ४८ अंकी किल्ली मागते. किल्ली नसेल तर आपलीच कोठी आपल्याला उघडत नाही. मायक्रोसॉफ्टच्या ज्या खात्याने लॅपटॉप सुरू केला, त्या खात्यात ती बहुधा मिळते. आजच शोधून कागदावर लिहा आणि दागिन्यांच्या डब्यात ठेवा.

आता दुकानात जावेच लागले तर काय विचारावे? पहिले, दोष कोणत्या पायरीवर आहे? दुसरे, आतली माहिती आधी दुसरीकडे उतरवून द्याल का? डिस्क काढून, लहानशा यूएसबी पेटीत घालून, दुसऱ्या संगणकाला जोडली की बहुतेक वेळा माहिती निघते. तिसरे, बदललेला जुना भाग परत द्याल का? हे तीन प्रश्न शांतपणे विचारणाऱ्या बाईला कोणी सहसा फसवत नाही.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. यंत्र पैशाने पुन्हा मिळते; वडिलांचा फोटो पुन्हा मिळत नाही. लोणचे आपण एकाच बरणीत घालत नाही. मग घरची आठवण एकाच डिस्कमध्ये का ठेवावी? वहिनीने वादळानंतर फोटोंच्या दोन प्रती केल्या. एक रोह्याला तिच्या कपाटात आहे, दुसरी पेणला माझ्याकडे. आमच्या कारखान्याच्या मागण्यांची प्रत मी दर शनिवारी काढते आणि ती तिच्याकडेही पाठवते. एक घर गळले तरी दुसरे शाबूत राहील.

माझी सूचना अशी की, मंडळाने एक यूएसबी पेटी आणि एक मोठी डिस्क घ्यावी आणि दरवर्षी पावसाळा लागण्यापूर्वी एक दिवस ठरवून प्रत्येक घराची प्रत काढावी. पापड-कुरडया वाळवून डब्यात भरतो, अगरबत्तीच्या जागी मेणबत्त्या काढून ठेवतो, तेव्हाच हेही काम उरकावे. ज्यांना येत नाही त्यांच्या घरी मी स्वतः येईन. चहा मात्र तुमचा!