शेणकिडा आणि सूर्य

नाईलच्या काठी वावरणारा शेणकिडा हा दिसायला अगदी क्षुद्र जीव. शेणाचा गोळा वळून तो मागील पायांनी ढकलीत न्यावा आणि जमिनीत पुरावा, हा त्याचा नित्यक्रम. काही काळाने जमिनीतूनच नवे किडे वर येत. प्राचीन इजिप्शियनांना या गोळ्यात सूर्यबिंब दिसले. तेही आकाशातून ढकलले जाते, मावळते आणि पुन्हा उगवते. उगवत्या सूर्याच्या देवतेला त्यांनी ‘खेपरी’ म्हटले व हा किडा तिचे चिन्ह ठरविला. त्यांच्या भाषेत ‘खेपेर’ म्हणजे ‘होणे’. तो शब्दही किड्याच्या चित्रानेच लिहीत.

किडा स्वयंभू असल्याची समजूत मात्र खरी नव्हती. मादी जमिनीखाली नासपतीच्या आकाराचा निराळा गोळा करून त्यात अंडे घालते, हे फाब्र या फ्रेंच कीटकशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दाखविले. तरीही चिन्हाचा अर्थ उणावत नाही.

मृतदेहात हृदय तसेच राखून छातीवर बहुधा हिरव्या दगडाचा शेणकिडा ठेवीत. ओसायरिसच्या न्यायसभेत हृदय सत्यदेवता मातच्या पिसाशी तोलले जाई, अशी श्रद्धा होती. म्हणून त्या दगडावर मंत्र कोरीत. त्यात मृत मनुष्य स्वतःच्याच हृदयाला विनवितो, की माझ्याविरुद्ध साक्ष देऊ नकोस.

पुनर्जन्माचे अभय देणाऱ्या चिन्हावरच ही विनवणी कोरलेली आहे. मृत्यूचे भय त्या लोकांनी श्रद्धेने जिंकले. अंतःकरणाच्या साक्षीचे भय मात्र त्यांना जिंकता आले नाही.