रोजच्या व्यवहारांतील देवदर्शन

ईश्वराचें दर्शन कोठें घ्यावें, हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाहीं. संतांनीं तो पंढरीच्या वाळवंटांत सोडविला, तसाच मळ्यांत, जात्यावर आणि कुंभाराच्या चाकापाशींहि सोडविला. सांवता माळ्याला भाजीच्या वाफ्यांत आणि गोऱ्या कुंभाराला मातीच्या चिखलांत जो भेटला, तो देव देवळाच्या भिंतींत मावणारा नव्हता. आजच्या भाषणांत ज्या दांपत्याविषयीं विचार करावयाचा आहे, तें याच परंपरेच्या अंगणांत वाढलें आणि पुढें ख्रिस्ताच्या पायांशीं जाऊन स्थिरावलें. रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई टिळक हें तें दांपत्य. ख्रिस्ती श्रद्धा म्हणजे रविवारची घंटा आणि परकी रीतभात, अशी समजूत अनेक सुशिक्षित घरांत अद्यापि आहे. टिळकांच्या घरीं ती श्रद्धा फुलांत, मुलांत, चुलीपाशीं आणि पाण्याच्या तांब्यांत उतरली. ती कशी उतरली आणि त्यासाठीं काय किंमत द्यावी लागली, हें समजून घेण्यासारखें आहे.

प्रथम मूळ शिकवणीकडे वळूं. येशूनें लोकांना धर्म सांगितला तो पंडितांच्या परिभाषेंत सांगितला नाहीं. पेरणी करणारा कुणबी, मोहरीचा दाणा, पिठांत कालविलेलें खमीर, घर झाडून शोधलेलें नाणें, रानांतलीं फुलें आणि कवडीमोल चिमण्या हीं त्याच्या उपदेशाचीं साधनें. हे दृष्टांत गालील प्रांताच्या मातींतले असले, तरी आपल्याकडील माणसाला ते परके वाटत नाहींत. नांदेड जिल्ह्यांतील नायगांवच्या काळ्या रानांत पेरणी करणाऱ्या शेतकऱ्याला पेरणाऱ्याचा दृष्टांत सांगितला, तर तो आधीं एक शंका काढील. त्याच्याकडे बीं मुठीनें चाड्यांत सोडतात आणि तें नळ्यांतून तिफणीच्या फणामागें नेमकें तासांत पडतें. मग दृष्टांतांतल्या पेरणाऱ्याचें बीं वाटेवर, खडकावर आणि कांटेरी झुडपांत पडलें तरी कसें? शंका रास्त आहे. पॅलेस्टाईनमध्यें त्या काळीं बीं हातानें फेकून पेरीत, म्हणून तें चहूंकडे उडे. परंतु एवढा उलगडा झाला कीं, पुढचा अर्थ त्या शेतकऱ्याला कोणी शिकवावा लागत नाहीं. बीं तेंच असतें. फरक पडतो तो जमिनींत. भारी जमिनींत जो दाणा कणीस धरतो, तोच बरड माळावर चार दिवसांत करपतो, हें त्यानें दर मृगाला पाहिलेलें असतें.

खमिराचें तसेंच. ज्वारीच्या भाकरीला खमीर लागत नाहीं, म्हणून तो दृष्टांत मराठवाड्यांतल्या गृहिणीला दुरून आल्यासारखा वाटेल. पण तिच्या घरीं विरजण असतें. रात्रीं निजण्यापूर्वीं कोमट दुधांत चमचाभर विरजण सोडावें, तें कोणाच्या नजरेस न येतां रात्रभर काम करतें आणि सकाळीं सारें भांडें एकजीव झालेलें असतें. देवाचें राज्य असें गाजावाजा न करितां येतें, हा त्या कथेचा भाव. तो कळण्यास ग्रीक किंवा इब्री भाषा यावी लागत नाहीं.

ही गोष्ट मराठींत प्रथम ओळखणाऱ्यांत एक परदेशी माणूस होता, हें नवल आहे. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट 1579 सालीं गोव्यास आला आणि 1616 सालीं त्याचें ‘क्रिस्तपुराण’ छापून निघालें. तें त्यानें आपल्या ओंवी छंदांत रचिलें. मराठी भाषेची थोरवी सांगतांना त्यानें फुलांच्या आणि सुगंधांच्या उपमा दिल्या. देशी शब्द आणि देशी छंद यांनींच श्रद्धा लोकांच्या अंतःकरणांत शिरते, हें त्यानें जाणलें होतें. त्यानंतर सुमारें तीनशें वर्षांनीं हेंच काम करण्यास याच मातींतला एक कवि पुढें आला.

नारायण वामन टिळक यांचा जन्म 6 डिसेंबर 1861 रोजीं रत्नागिरी जिल्ह्यांतील करजगांव येथें झाला. कवितेचा आणि भक्तीचा वारसा त्यांना आईकडून मिळाला आणि ती माउली त्यांच्या बालपणींच निवर्तली. पुढें त्यांचें आयुष्य भटकण्यांत गेलें. शिक्षकी, कीर्तनें, संस्कृताचें अध्यापन, नियतकालिकांचें संपादन असें एक ना दोन. मन मात्र स्थिर नव्हतें. जातिभेदानें दुभंगलेला समाज त्यांना सोसवत नव्हता. अशा अवस्थेंत राजनांदगांवकडे जातांना आगगाडींत एका युरोपियन प्रवाशाची गांठ पडली; त्यानें बोलतां बोलतां बायबलची एक प्रत त्यांच्या हातीं ठेविली. टिळक तें वाचूं लागले आणि डोंगरावरील प्रवचनापाशीं येऊन थबकले. 10 फेब्रुवारी 1895 रोजीं मुंबईस त्यांनीं बाप्तिस्मा घेतला.

बाप्तिस्म्यानें त्यांची मराठी वृत्ति पालटली नाहीं. आपण ख्रिस्ताकडे आलों ते तुकोबांच्या पुलावरून, अशा आशयाचें त्यांचें म्हणणें प्रसिद्ध आहे. अभंग, ओंवी आणि कीर्तन हीं त्यांनीं टाकलीं नाहींत. उलट त्यांतूनच ख्रिस्ताचें गुणगान केलें. त्यांचीं पदें आजहि मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत गाइलीं जातात. ओंवीबद्ध ‘ख्रिस्तायन’ हा त्यांचा मोठा संकल्प त्यांच्या हयातींत अपुरा राहिला. त्याचा बहुतेक भाग पुढें लक्ष्मीबाईंनीं रचिला आणि 1938 सालीं तो ग्रंथ प्रसिद्ध झाला. ज्या बाईंचें शाळेंत रीतसर शिक्षण झालें नव्हतें, त्यांनीं हें काम पार पाडलें.

‘फुलांमुलांचे कवि’ या नांवानें महाराष्ट्र टिळकांना ओळखतो. हें नांव गोड असलें, तरी त्याचा अर्थ हलका नाहीं. फूल पाहून आनंदणें हें कोणाहि रसिकाला साधतें. फुलाचें रूप डोळ्यांत भरतांच त्याच्या कर्त्याची आठवण होणें आणि त्या आठवणीनें माणसाविषयींचा जिव्हाळा वाढणें, ही पुढची पायरी होय. ख्रिस्ती दृष्टीनें सृष्टि म्हणजे स्वतः देव नव्हे. ती त्याच्या हातची कृति आहे. घरांत बाप दिसला नाहीं, तरी त्यानें मुलांसाठीं मांडून ठेविलेलें ताट दिसावें, तशी ती आहे. म्हणून टिळकांच्या ठायीं फूल आणि मूल यांत अंतर राहिलें नाहीं. दोन्हीं त्याच हातचीं, दोन्हीं जपावयाचीं.

या जिव्हाळ्याचा सर्वांत मोठा लाभ मराठी कवितेला झाला. 1907 सालीं जळगांवच्या कविसंमेलनांत त्र्यंबक बापूजी ठोमरे नांवाच्या सतरा वर्षांच्या मुलाचें कौतुक झालें आणि ‘बालकवि’ ही पदवी त्याला मिळाली. टिळकांनीं त्याला आपल्या घरीं नेलें. लक्ष्मीबाईंनीं त्याला पोटच्या मुलाप्रमाणें वागविलें. निर्झर, पांखरें, संध्याकाळचे रंग यांचा तो कवि ख्रिस्ती घरांत राहिला, जेवला, रुसला आणि लिहिता झाला. तो ख्रिस्ती झाला नाहीं आणि त्यामुळें त्याच्यावरील माया कमीहि झाली नाहीं. 1918 सालीं भादली स्टेशनाजवळ आगगाडीखालीं त्याचा अंत झाला, तेव्हां त्या घरानें एक मुलगाच गमावला.

परंतु फुलांची वाट सोपी असते. तांब्याची वाट कठीण. लक्ष्मीबाईंचा जन्म 1868 सालीं नाशिकजवळील जलालपूर येथें झाला. त्यांच्या वडिलांचें सोंवळें इतकें कडक कीं, बाजारांतून आलेलें मीठसुद्धां धुवून घेतलें जाई. अशा घरच्या मुलीचा नवरा ख्रिस्ती झाला. आप्तांचा आकांत, लोकांची बोलणीं आणि जवळ जवळ पांच वर्षांची ताटातूट त्या बाईंच्या वांट्याला आली. या काळांतील कांहीं दिवस त्यांनीं पंढरपुरास काढले. पुढें त्या पतीजवळ राहावयास आल्या, तरी स्वयंपाक, पाणी, शिवाशीव सारें निराळें. नवरा ज्या घरांत, त्याच घरांत त्याच्या हातचें पाणी वर्ज्य, अशी ती स्थिति होती.

ती स्थिति कोणा उपदेशकानें पालटली नाहीं. एके दिवशीं एकट्या विचार करीत असतां त्यांच्या मनांत आलें: देवानें पशुपक्ष्यांच्या निरनिराळ्या जाति केल्या, त्या पाहतांच ओळखूं येतात, पण माणसांत ब्राह्मण कोण आणि महार कोण, हें नुसतें पाहून कोणाला सांगतां येतें? मग हा भेद देवाचा, कीं माणसाचा? सृष्टीकडे पाहूनच त्यांना उत्तर मिळालें. त्यांनीं निश्चय केला कीं, यापुढें कोणाच्याहि हातचें खावें, कोणाच्याहि हातचें प्यावें. 1900 सालीं त्यांचा बाप्तिस्मा झाला. परंतु खरा पालट त्याआधींच झाला होता. ‘स्मृतिचित्रें’ या आत्मचरित्रांत त्यांनीं हें सारें इतक्या साधेपणानें आणि स्वतःला हंसत सांगितलें आहे कीं, त्यामागील यातना वाचकाला उशिरानें जाणवतात.

या श्रद्धेची पुढची परीक्षा प्लेग आणि दुष्काळ यांनीं घेतली. त्या वेळचें अहमदनगर, म्हणजे आजचें अहिल्यानगर, हें टिळकांचें कार्यक्षेत्र होतें. एकोणिसावें शतक संपतां संपतां तेथें प्लेग आला आणि पाठोपाठ 1899-1900 चा भयंकर दुष्काळ पडला. माणसें माणसांना टाळूं लागलीं असतां या दांपत्यानें रोग्यांची शुश्रूषा केली आणि पोरक्या मुलांना आपल्या दारांत जागा दिली. मुलांना न्हाऊं घालणें, त्यांच्या उवा काढणें, त्यांना पेज पाजणें हीच त्या दिवसांतली उपासना होती. ‘फुलांमुलांचे कवि’ या नांवांतील मुलें हीं कवितेंतलीं गोजिरवाणीं मुलें नव्हेत. त्यांत हीं खरजेनें पिडलेलीं, भुकेनें पोट फुगलेलीं मुलेंहि येतात.

येथें एक कठीण प्रश्न उभा राहतो. सृष्टि ही देवाची कृति, तर दुष्काळ कोणाचा? मराठवाड्याला हा प्रश्न पुस्तकांतून वाचावा लागत नाहीं. 1972 सालच्या दुष्काळांत खडी फोडणारे हात येथलेच होते. 30 सप्टेंबर 1993 च्या पहांटे, गणपतिविसर्जनाची रात्र नुकतीच सरली असतां, किल्लारीच्या भूकंपानें लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतील गांवेंच्या गांवें झोपेंत गाडलीं. हजारों माणसें मेलीं. जी काळी माती वर्षानुवर्षें पोशींत आली, तीच हादरली. अशा वेळीं फुलाकडे बोट दाखवून देवाची दया सिद्ध करूं जाणें हा निव्वळ निष्ठुरपणा ठरेल.

टिळक दांपत्याच्या श्रद्धेंत या प्रश्नाचें तर्कशुद्ध उत्तर सांपडत नाहीं. ख्रिस्ती धर्माच्या मध्यभागीं फूल नसून क्रूस आहे, ही गोष्ट विसरूं नये. ज्यानें रानफुलांकडे पाहावयास शिकविलें, त्यालाच खिळे ठोकले गेले. देव दुःखाच्या बाहेर उभा राहून तें वांटीत नाहीं, तर दुःख भोगणाऱ्याजवळ येऊन बसतो, ही त्या श्रद्धेची मुख्य साक्ष होय. ती खरी कीं खोटी, हें वादानें ठरत नाहीं. प्लेगच्या रोग्याच्या उशाशीं कोणी बसतें कीं नाहीं, यावरून ती पारखली जाते. किल्लारींत मरण पुष्कळ अंशीं दगडमातीच्या जाड भिंतींनीं आणि माळवदांच्या भारानें आलें. आणि त्या ढिगाऱ्याखालून जिवंत माणसें ज्या हातांनीं उपसलीं, त्या हातांनीं जात विचारली नाहीं. अशा हातांत देव पाहावा, हें ख्रिस्ती माणूस म्हणेल. वारकऱ्यालाहि तें मान्य होईल.

आयुष्याच्या अखेरीस, 1917 सालीं, टिळकांनीं मिशनचें वेतन सोडलें आणि सातारा येथें ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या सर्व ख्रिस्तभक्तांना त्यांत जागा होती. 9 मे 1919 रोजीं त्यांचें मुंबईस देहावसान झालें आणि दरबार फार काळ टिकला नाहीं. लक्ष्मीबाई मात्र आणखी सतरा वर्षें जगल्या, कराचीपर्यंत जाऊन आल्या आणि 1936 सालीं नाशिक येथें निवर्तल्या. गोदावरीच्या कांठीं त्यांचें बालपण गेलें. तीच नदी नांदेडचे घाट मागें टाकून नायगांवच्या उत्तरेनें पुढें तेलंगणांत जाते. वाटेंत घागर भरणाऱ्याचें नांव ती कोणाला विचारीत नाहीं.

धर्म कोणताहि असो, नित्याच्या व्यवहारांत देव पाहण्याची गोष्ट ऐकावयास सुखाची वाटते. खिडकींतलें फूल, दारांतली तुळस, सकाळचें ऊन यांत तो दिसला, असें म्हणणें सोपें आहे; कारण त्यांत कांहीं द्यावें लागत नाहीं. लक्ष्मीबाईंना तो तांब्यांत दिसला, तेव्हां जन्मभराचें सोंवळें द्यावें लागलें. आजहि शहरांतल्या कित्येक सुशिक्षित घरांत कामाला येणाऱ्या बाईसाठीं कपबशी निराळी ठेविलेली असते. ती बहुधा मोरीजवळच्या फळीवर, कान तुटलेली अशी असते. घरांत देवाचें दर्शन कोठें घ्यावें, असा प्रश्न ज्याला पडला असेल, त्यानें आधीं त्या फळीकडे पाहावें.