पेटी आपली, कळ आपली



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला विषय विचारला, तेव्हा किमान वेतन किंवा ऊसतोड कामगार असे काहीतरी उत्तर येईल अशी त्यांची अपेक्षा असावी. आम्ही "घरी केलेले विजेचे वाद्य" असे सांगितले आणि ते क्षणभर गप्प बसले. त्यांचे गप्प बसणे रास्तच होते. आमचे शाळेतले शिक्षण दहावीपाशी संपले. पुढचे जे काही झाले ते वाचनालयात आणि कारखान्यांच्या फाटकाशी. गाण्यातले आम्हांला कळत नाही. पण वाद्य म्हणजे शेवटी एक यंत्र आहे, आणि यंत्र व माणूस यांच्या भांडणात आमची तीस वर्षे गेली आहेत. तेवढ्याच अधिकारावर आज बोलणार आहोत.

प्रथम घडले काय ते सांगतो. तळोदा तालुक्यातला एक तरुण लग्नाच्या बँडमध्ये कीबोर्ड वाजवीत असे. लग्नसराई नसेल तेव्हा शेतमजुरी. एके दिवशी कडबाकुट्टीत त्याचा उजवा हात गेला. अंगठा आणि करंगळी राहिली, मधली तीन बोटे गेली. भरपाईच्या अर्जासाठी तो आमच्या युनियनच्या खोलीत आला. भरपाईचा जो 1923 चा कायदा आम्ही वर्षानुवर्षे वापरला, त्याच्या परिशिष्टात प्रत्येक अवयवाचा भाव बांधून दिलेला होता. एका हाताची तीन बोटे गेली, तर कमाईची शक्ती शेकडा 30 गेली असे धरावे. आम्ही त्याला ते वाचून दाखवले. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "भाऊ, अर्जाचं तुम्ही बघा. पण मी वाजवायचं कसं?"

या प्रश्नाला परिशिष्टात उत्तर नव्हते. हमालाचे शेकडा 30 आणि वादकाचे शेकडा 30 यांत जमीनअस्मानाचे अंतर असते. दुकानातला कीबोर्ड दहा बोटे गृहीत धरून बनवलेला असतो. त्यात बसत नाही त्या माणसाने बाजूला व्हावे, असा त्याचा न बोललेला नियम आहे. हा नियम आम्हांला फार ओळखीचा वाटला. गिरणीत असो की साखर कारखान्यात, माणसाने यंत्राच्या मापाचे व्हायचे, हे आम्ही जन्मभर पाहत आलो.

खोलीत त्या वेळी आमचे एक जुने सहकारी बसले होते. साखर कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालेले. सगळे त्यांना मिस्तरी म्हणतात. ते म्हणाले, "हाताला कळ बसत नसेल तर कळ दुसरी करू. त्यात काय?" त्यांनी एक कोरा कागद टेबलावर पसरला, मुलाचे दोन्ही पंजे त्यावर ठेवायला सांगितले आणि पेन्सिलीने त्यांची कड काढली. आमच्या वाद्याचा तोच पहिला नकाशा. आधी हात मोजला आणि मग यंत्र, असे आमच्या आयुष्यात प्रथमच घडत होते.

आता हे यंत्र आतून कसे असते ते थोडक्यात सांगितले पाहिजे. ज्याला सिंथेसायझर म्हणतात त्यात तार नसते, पडदा नसतो, फुंकरही नसते. आवाज म्हणजे हवेची थरथर. ती थरथर आकड्यांत मांडता येते. सेकंदाला सुमारे 44 हजार आकडे क्रमाने बाहेर काढायचे, एका लहान तुकड्याने त्या आकड्यांचे विजेच्या लहरीत रूपांतर करायचे, आणि ती लहर अँप्लिफायरमधून भोंग्याला द्यायची. हे आकडे काढणारा मेंदू आज आगपेटीपेक्षा फार मोठा नसतो. आम्ही घेतलेला तुकडा रास्पबेरी पाय पिको या नावाचा. तो 2021 साली बाजारात आला आणि काही शे रुपयांत मिळतो. तो चालवण्याची आज्ञावली आयटीआयमधल्या दोन मुलांनी, इतरांनी खुल्या ठेवलेल्या आज्ञावल्या वाचून, जुळवून दिली.

म्हणजे आवाज आज स्वस्त झाला आहे. परंतु तो तुकडा हातात घेऊन कोणी वाजवू शकत नाही. त्याला पेटी लागते आणि कळा लागतात. लोक याला वरवरची सजावट समजतात. आमचे म्हणणे नेमके उलट आहे. वाद्य कोणाच्या हाताचे, ते कोणता स्वर बोलणार आणि बिघडले तर कोण उघडणार, हे सगळे पेटी आणि कळ यांतच ठरते.

पहिली पेटी आम्ही बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्याची केली, आणि ती फसली. डाख दिलेले सांधे पत्र्याला टेकले आणि तुकडा जळाला. दुसरा तुकडा आणून खाली रबर घातले, तर भोंग्यातून सारखी घरघर. घरातली वीज सेकंदाला 50 वेळा हेलकावते; तीच घरघर डब्याच्या पत्र्याने आत घेतली होती. पत्रा जमिनीच्या तारेला, म्हणजे ग्राउंडला जोडला तेव्हा ती थांबली. पत्र्याची पेटी आवाजाचे उत्तम संरक्षण करते, पण तो जोडलेला असेल तरच.

मग आले आपले ऊन. बँड पिकअप गाडीवर चालतो आणि वीज गाडीच्या 12 व्होल्टच्या बॅटरीतून घ्यावी लागते. तुकड्याला हवेत 5 व्होल्ट. जुन्या पद्धतीचा रेग्युलेटर उरलेले 7 व्होल्ट उष्णता करून फेकून देतो. अर्धा अँपिअर प्रवाह असला तरी बंद डब्यात साडेतीन वॅटची शेगडीच पेटते. वर चैत्राची दुपार. दुसऱ्या तासाला वाद्य मुके झाले. उपाय मात्र मुलांच्या खिशात होता. गाडीत मोबाइल चार्ज करायला जो चार्जर लावतात, तो हेच काम फारशी उष्णता न करता करतो. तो बसवला आणि पेटीच्या दोन्ही बाजूंना भोके ठेवली. एक पथ्य मात्र आम्ही कटाक्षाने पाळले: घरच्या पेटीत 230 व्होल्ट कधी आणायचे नाहीत.

दुसरी पेटी मिस्तरींनी प्लायवुडची केली. बाजू 12 मिलिमीटरच्या, पण वरचा तक्ता 3 मिलिमीटरच्या हायलम शीटचा. ज्या खुंटीला दुकानात पॉट म्हणतात तिची गळ्याची आटे आखूड असते. जाड फळीतून ती वर येत नाही आणि नट बसत नाही. गळ्यासाठी 7 मिलिमीटरचे भोक, आणि शेजारी तिच्या नाकासाठी एक बारीक भोक. ते दुसरे भोक विसरले तर खुंटी पिरगळताना संपूर्ण पॉट फिरतो आणि आतल्या तारा तुटतात. आम्ही विसरलो होतो.

पॉट म्हणजे तीन पायांचा साधा विरोधक. कडेच्या दोन पायांवर वीज द्यायची आणि खुंटी फिरेल तशी मधल्या पायावर ती कमीजास्त मिळते. मेंदू तिचे 0 ते 4095 यांमधल्या आकड्यात रूपांतर करतो. खुंटी स्थिर असली तरी हा आकडा थोडा थरथरतो, म्हणून अनेक आकड्यांची सरासरी घ्यावी लागते. बटणाचेही तसेच. एकदा दाबले तरी आतली पट्टी क्षणभर उड्या मारते आणि मेंदूला ते पाच वेळा दाबल्यासारखे वाटते. पहिल्या झटक्यानंतर काही सहस्रांश सेकंद थांबायला त्याला शिकवावे लागते. उतावळ्या माणसाला शिकवावे लागते तसेच.

आमच्या तुकड्यावर अशा तीनच खुंट्या थेट जोडता येतात. कोणत्या तीन, यावर युनियनच्या बैठकीसारखी चर्चा झाली. आयटीआयच्या मुलांना अनेक चमत्कार हवे होते. वाजवणारा मुलगा म्हणाला, "आवाज लहानमोठा, आवाज धारदार-बोथट, आणि सूर ओढायला एक. बास." वापरणाऱ्याचे मत शेवटचे मानायचे, असे ठरले.

बटणे आधी दारावरच्या घंटीची लावली. त्यांची स्प्रिंग इतकी कडक की अर्ध्या तासात बोट दुखे. मग खेळाच्या यंत्रांवरची मोठी गोल बटणे आणली. त्यांना 30 मिलिमीटरचे भोक लागते. चौदा बटणे दोन रांगांत, कागदावरच्या डाव्या पंजाच्या रेघेप्रमाणे किंचित वळणावर. उजव्या हाताच्या उरलेल्या तळव्यासाठी लाकडाची एक रुंद दांडी पॉटला जोडली. तळवा दाबला की आवाज चढतो. अंगठ्याजवळ सूर ओढण्याची खुंटी, करंगळीजवळ आवाजाची धार. ज्या हाताला परिशिष्टाने तोट्यात धरले होते, त्या हाताकडे आता वाद्याचा श्वास आला.

पुढे एक गोष्ट घडली, ती आमच्या योजनेत नव्हती. नवापूरकडचे त्याचे मामा पावरी वाजवतात. दुधी भोपळा, बांबूच्या नळ्या आणि मेण यांचे ते वाद्य. करणारा आपल्या छातीचा दम आणि बोटांची ऐसपैस पाहून ते करतो. म्हणजे पेटी आणि कळ हाताच्या मापाने करण्याची विद्या या जिल्ह्यात आमच्या कितीतरी आधीची आहे. मामांनी आमचे वाद्य ऐकले आणि मान हलवली. पावरीचे सूर त्यात सापडत नव्हते.

कारण सरळ आहे. बाजारचा कीबोर्ड सप्तकाचे बारा सारखे तुकडे पाडतो. प्रत्येक सूर मागच्याच्या 1.0595 पट. पावरीच्या नळ्यांना हे गणित ठाऊक नाही. ही तक्रार नवी नाही. हार्मोनियमची पट्टी आपल्या गाण्याला जुळत नाही म्हणून कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी 1910 मध्ये बावीस श्रुतींवर ग्रंथ लिहिला आणि क्लेमंट्स या गोऱ्या न्यायाधीशाच्या साहाय्याने श्रुतींची हार्मोनियम घडवून घेतली. आकाशवाणीने तर 1940 मध्ये हार्मोनियमला दारच बंद केले आणि ते सुमारे तीन दशके पुरते उघडले नाही. आमच्या काळात ठाण्याच्या डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची पेटी केली. देवलांना एकेक पत्ती घासून घ्यावी लागली असेल. आम्हांला फक्त चौदा आकडे बदलायचे होते. मामा एकेक सूर धरत, मुलगा खुंटी फिरवून तो जुळवी आणि जुळला की तो आकडा कायम करी. एका रविवारी संध्याकाळपर्यंत चौदा सूर झाले. मामांनी मग मान हलवली नाही. ते बराच वेळ नुसते ऐकत राहिले.

दुकानातल्या महाग यंत्रात हे मुळीच होत नाही असे आम्ही म्हणत नाही. काही यंत्रांत होते. पण यंत्राने परवानगी दिली तरच, आणि दिली तेवढेच.

आम्ही काही अपूर्व केले, असा गैरसमज कोणी करून घेऊ नये. मिरजेत शस्त्रांना धार देणारे शिकलगार एकोणिसाव्या शतकात सतार-तंबोऱ्याकडे वळले आणि भोपळ्यातून नाद काढू लागले. आपल्या वरातीतला बेंजो मूळचा जपानचा. 1912 च्या सुमारास नागोयात निघालेले ते वाद्य, टाइपरायटरसारख्या कळांचे. आपल्या लोकांनी ते घेतले, त्याला विजेचा पिकअप लावला, पेट्या आपल्या केल्या, आणि आज ते परके आहे असे कोणाला वाटत नाही. याउलट 1969 मध्ये अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत मूगचा मोठा सिंथेसायझर आला. काही वर्षे फार चांगले काम झाले आणि थांबले. शेजारच्या राज्यातल्या आम्हांला त्याची वार्ताही नव्हती. यंत्र येते तेवढ्याने ते रुजत नाही. चार गावचे हात ते उघडू लागले, की रुजते.

खर्चाचे खरे सांगतो. सामान स्वस्त पडले. पण मिस्तरींची तीन महिन्यांची मजुरी धरली, तर वाद्य मुळीच स्वस्त नाही. मजुरी न धरता हिशेब मांडणे आमच्यासारख्याला शोभणार नाही. म्हणून स्वस्त पडते या कारणासाठी हे करा असे आम्ही सांगत नाही.

मग कशासाठी? गेल्या आखाजीच्या सुमारास एका लग्नात आम्ही स्वतः हजर होतो. वरात मिरचीच्या पथारीजवळून निघाली होती आणि वारा होता. मध्येच एक बटण अडकले. नाचणारे थांबले. मागच्या वर्षी याच मुलाच्या बँडचा विकतचा कीबोर्ड असाच बंद पडला होता, तेव्हा दुरुस्तीवाल्याने "सुटा भाग मिळत नाही, नवा घ्या" म्हणून सांगितले आणि दोन सुपाऱ्या बुडाल्या होत्या. या वेळी त्याने खिशातून पेचकस काढला, वरच्या तक्त्याचे चार स्क्रू दोन बोटांनी आणि तळव्याने सोडवले, बटणात गेलेली लाल पूड फुंकून काढली आणि तक्ता पुन्हा बसवला. फार तर पाच मिनिटे गेली असतील. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. लोकांना नाचायचे होते. तळवा दांडीवर पडला आणि पावरीच्या सुरात वरात पुढे सरकली.

भरपाईच्या अर्जाचा निकाल अजून लागलेला नाही. तो लढा चालूच आहे, आणि आम्ही केलेल्या पेटीमुळे त्यातला एक पैसाही कोणी कमी करू नये. बोटांचे मोल वेगळे आणि वाद्याचे वेगळे.

या सभेत शिक्षक आहेत, सुतार आहेत, रेडिओ दुरुस्त करणारे आहेत. आमची विनंती एवढीच. आपल्या गल्लीत ज्याच्या हाताला बाजारची कळ बसत नाही असा कोणी असेल, तर त्याला कोऱ्या कागदावर पंजा ठेवायला सांगा. पेन्सिल आपल्याकडे आहेच. पुढे अडले, तर संध्याकाळी सहानंतर आमच्या खोलीचे दार उघडे असते आणि मिस्तरी बहुधा तिथेच भेटतात.