विणलेला बैल, त्याची झूल आणि आपले तास

 

आज आपण बोलणार आहोत लोकरीच्या प्राण्यांविषयी. मुठीत मावेल एवढा बैल, बेडूक, शेकरू, आणि त्याच्या अंगावर त्याच्याच मापाचे कपडे. हे काम आपल्याला अगदीच नवं नाही. बाळकृष्णाला थंडीत लोकरीची टोपी आणि अंगडं आपल्या आज्याही विणत होत्या. बऱ्याच घरांत लग्नाच्या रुखवतात क्रोशाचं तोरण आणि लोकरीची बाहुली मांडतात. फरक एवढाच, की ते कौतुकासाठी होतं आणि आपण विकायला बसलोय.

जपानमध्ये अशा प्राण्यांना अमिगुरुमी म्हणतात. अमि म्हणजे विणलेलं, आणि नुइगुरुमी म्हणजे आत कापूस भरलेलं खेळणं. नाव अवघड असलं तरी काम सोपं आहे. एक साखळी आणि एक मुका खांब आला की पुरे. पहिल्या फेरीत ६ मुके खांब, मग १२, १८, २४, ३०. फेरी बंद करायची नाही, गोगलगायीच्या शंखासारखं गोल गोल फिरत जायचं. फेरी कुठे सुरू झाली ते कळायला दुसऱ्या रंगाचा दोरा अडकवून ठेवायचा. टाका घट्ट हवा, नाहीतर आतला कापूस दाताच्या फटीतून दिसावा तसा दिसतो. आत साधा कापूस भरला तर पावसाळ्यात ओल धरतो आणि त्याच्या गुठळ्या होतात, म्हणून आम्ही पॉलिएस्टरचा कापूस वापरतो.

सगळ्यात महत्त्वाचं काय असेल तर माप. आपल्या गटात काही जणींचा हात घट्ट, काहींचा सैल. टाके दोघींचे ३० च, पण एकीचा बैल लिंबाएवढा आणि दुसरीचा मोसंबीएवढा. मग एकीने विणलेली झूल दुसरीच्या बैलाला बसत नाही. हे प्राणी जमवणारं गिऱ्हाईक असतं. एक प्राणी घेतो, पुढच्या वेळी त्याच्यासाठी नवा पोशाख मागतो, मग त्याला जोडीदार मागतो. कपडे अदलाबदल करता आले तरच तो परत येतो. म्हणून आम्ही एक युक्ती काढली. सव्वादोनची बांगडी घ्यायची. कापूस भरलेलं पोट त्या बांगडीतून अलगद गेलं पाहिजे, पण सैल पडता कामा नये. पट्टी नको, टेप नको. ज्या बाईला वाचता येत नाही तीही आपलं काम आपणच तपासते.

आता पोशाखाचं. आमच्याकडे एक व्यापारी आले होते. म्हणाले, कार्टूनमधले उंदीर-बदक करा, लगेच खपतील. आम्ही नाही म्हटलं. एक तर ती चित्रं दुसऱ्याच्या मालकीची, आणि तसला माल बाजारात ढिगाने पडलाय. आपल्याकडे जे आहे ते दुसरीकडे कुठे आहे? लावणीला निघालेला बेडूक आम्ही विणला, त्याच्या पाठीवर सुतळीचं इरलं. शहरातल्या बाया इरलं म्हणजे काय विचारतात, मग सांगताना आपल्यालाच मजा येते. भीमाशंकरच्या रानातला शेकरू आहे, आपल्या राज्याचा प्राणी. अभयारण्याचा एक भाग आपल्या ठाणे जिल्ह्यात येतो, तेव्हा तो आपलाच. त्याच्या कमरेला कोयता अडकवायची आकडी. ती लाकडाची करावी लागते, घरातले पुरुष बसल्या बसल्या तासून देतात. त्यांचाही वेळ हिशेबात धरायचा बरं का, नाहीतर पुढच्या वेळी देणार नाहीत.

वाघही विणावा असं कोणी सुचवलं होतं. पण आमच्यातल्या काही जणी वाघदेवाला पुजतात. त्याला टोपी घालून विकायचा, हे त्यांच्या मनाला पटेना. वाघ आम्ही यादीतून काढून टाकला. त्यावाचून काही अडलं नाही.

आता दामाचं बोलू. हेच व्यापारी एका प्राण्याला पोशाखासकट ८० रुपये देतो म्हणाले. घरबसल्या करता, फावल्या वेळात करता, मग जास्त कशाला, असं त्यांचं म्हणणं. फावला वेळ! पहाटे पाण्याला जाणाऱ्या बाईचा फावला वेळ कोणता, ते एकदा येऊन दाखवा म्हणावं.

ही भाषा जुनी आहे. आंध्र प्रदेशात पश्चिम गोदावरी जिल्ह्यात नरसापूर आहे. तिथल्या बाया कित्येक पिढ्या क्रोशाची लेस विणतात, ती परदेशात जाते. मारिया मीस नावाच्या जर्मन अभ्यासक बाई तिथे गेल्या आणि १९८२ साली त्यांनी त्यावर पुस्तक लिहिलं. त्यांना काय दिसलं? विणणाऱ्या बायांना घरात बसणाऱ्या गृहिणी म्हटलं जायचं, त्यांच्या कामाला फावल्या वेळचा उद्योग, आणि म्हणून मजुरी अगदी थोडी. व्यापार मात्र पुरुषांच्या हातात. आपली लेस पुढे कितीला विकली जाते, याचा त्या बायांना पत्ता नसायचा.

आपण हिशेब असा करू. रोजगार हमीचा आपल्या राज्यातला दर २०२४-२५ साली दिवसाला २९७ रुपये होता. आठ तास धरले तर तासाला ३७ रुपये. समजा बैलाला पाच तास लागले आणि झुलीला दोन. सात तासांचे झाले २५९. लोकर, कापूस, मणी मिळून ४० धरा. २९९ झाले, म्हणजे ३००. व्यापाऱ्याच्या ८० मधून ४० चा माल वजा केला तर हातात उरतात ४०, तासाला सहा रुपयेसुद्धा नाहीत. माती उचलली तर ३७ आणि डोळे फोडून विणलं तर सहा?

तीनशे रुपये कोण देणार, असं तुम्ही विचाराल. यात्रेतलं गिऱ्हाईक देणार नाही, हे खरंच. ते मुंबई-ठाण्याच्या प्रदर्शनांत मिळतं, आणि तिथेही रोज मिळत नाही. याने दिवाळीनंतरची वीटभट्टी सुटेल, असं आम्ही कुणाला सांगत नाही. पण एखाद्या घरी मुलाच्या शाळेसाठी आईला मागे थांबता आलं, तर तेवढे महिने तिच्या हाताला काम हवं.

एक कायद्याची गोष्ट. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआयचं चिन्ह सक्तीचं झालं. केंद्राच्या हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंद असलेल्या कारागिराला त्यातून सूट दिली गेली. त्या नोंदणीचं ओळखपत्र मिळतं, पहचान कार्ड म्हणतात त्याला. ज्यांनी अजून काढलं नसेल त्यांनी काढून घ्या. आणि चिन्ह असो नसो, डोळ्याला मणी किंवा बटण लावलेला प्राणी तान्ह्या बाळाच्या हातात जाऊ देऊ नका. मणी निघाला की थेट घशात. लहान मुलाच्या घरी जाणार असेल तर डोळे दोऱ्यानेच भरायचे.

पौष पौर्णिमेला म्हसा गावची यात्रा सुरू होते. तिथला बैलबाजार आणि घोंगड्या तुम्हाला आम्ही काय सांगायच्या! तिथे अडकवायला नुसतं बैलाचं तोंड करू, एका तासाचं काम, ५० रुपयांत बसतं. मोठे बैल झुलीसकट दहाच न्यायचे, मांडायला. झुलीचं काम ज्यांना हवंय त्यांनी येत्या बैठकीला सव्वादोनची एक बांगडी घेऊन या. काचेची नको, प्लास्टिकची किंवा पितळेची आणा.