सोयाबीनचा सरस आणि सेल्युलोजाचे सूक्ष्मतंतू

प्लायवुडचा तुकडा पाण्यात भिजत ठेवला, तर त्याचे पापुद्रे सुटतील की टिकतील, हे बव्हंशी सरसावर ठरते. वनस्पतिज प्रथिनांच्या सरसाची सारी कथा या एका कसोटीभोवती फिरते.

१९२३ साली ऑटिस जॉन्सन यांना सोयाबीनच्या पिठापासून सरस बनविण्याचे पेटंट अमेरिकेत मिळाले. सिअ‍ॅटलच्या लॉक्स यांच्या कंपनीने तो सरस वायव्येकडील प्लायवुड गिरण्यांत रूढ केला. तो स्वस्त होता. परंतु पावसात टिकत नसे. पुढे फिनॉल आणि युरिया यांचा फॉर्माल्डिहाइडशी संयोग करून बनविलेल्या राळांनी त्याला मागे सारले. मात्र युरियाच्या राळेतून हा वायू घरातील हवेत झिरपत राहतो, असे आढळून आले. २००४ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने फॉर्माल्डिहाइडची गणना माणसाला कर्करोग जडविणाऱ्या द्रव्यांत केली. संशोधक सोयाबीनकडे पुन्हा वळले, त्यामागे ही पार्श्वभूमी आहे.

प्रथिनाचा रेणू म्हणजे गुंडाळलेली लांब साखळी. अल्कलीने ती उलगडली, की तिच्यावरील क्रियाशील गट उघडे पडतात आणि लाकडाला बिलगतात. सरस वाळल्यावर हे बंध पुरेसे बळकट असतात. पण त्यांतील पुष्कळसे हायड्रोजन-बंध असल्यामुळे पाणी मध्ये शिरून स्वतःच त्यांची जागा घेते. सरसाचा थर फुगतो, मऊ पडतो आणि सांधा उकलतो.

या थराला आधार द्यावा म्हणून त्यात सेल्युलोजाचे सूक्ष्मतंतू मिसळतात. लाकडाचा लगदा यंत्रात वारंवार दाबून घुसळला, की काही नॅनोमीटर ते काही दशक नॅनोमीटर जाडीचे धागे मोकळे होतात. मातीच्या भिंतीत कालवलेल्या भुशाप्रमाणे ते ताण वाटून घेतात आणि भेगेला पुढे सरकू देत नाहीत. लाकडाच्या सांध्याला लाकडाच्याच धाग्यांनी बळ द्यावे, यात एक औचित्यही आहे.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. सेल्युलोज स्वतः पाण्याचा लोभी. नुसते तंतू घातल्याने ओल्या सांध्याचा प्रश्न सुटत नाही. त्यासाठी साखळ्यांना पक्क्या रासायनिक बंधांनी बांधणारे द्रव्य लागते. ऑरेगन राज्य विद्यापीठातील कैचांग ली यांनी खडकांना चिकटून राहणाऱ्या समुद्री शिंपल्यांपासून प्रेरणा घेऊन या दिशेने काम केले. त्यांच्या सोया-सरसात, ओला कागद फाटू नये म्हणून कागदगिरण्या वापरतात ती राळ आहे. तंतूंच्या पृष्ठभागावर कार्बॉक्सिल गट निर्माण केले, तर तेही याच राळेशी बांधले जातात. तंतूंची खरी उपयुक्तता अशा जोडीतच आहे.

गिरणीतील अडचण मात्र साधी, म्हणूनच चिवट आहे. सूक्ष्मतंतूंचा लगदा बहुधा शंभर भागांत एकदोन भागच घन असतो. बाकी सारे पाणी. वाळवावा, तर तंतू एकमेकांना चिकटून गोळे होतात आणि पुन्हा सुटे होत नाहीत. ओलाच वापरावा, तर सरस इतका घट्ट होतो, की तो एकसारखा पसरत नाही. आणि तापलेल्या दाबयंत्रात त्या पाण्याची वाफ होऊन फळीच्या पोटात फोड येतात.